माझगावचा मनोरा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला समुद्र दिसत नाही, असे सांगितले तर वसईच्या वाचकांना ते खरे वाटणार नाही. आमच्या वडिलांनाही वाटले नव्हते. १९५८ साली वसईची बागायत धाकट्या भावाच्या स्वाधीन करून ते गोदीत फिटर म्हणून लागले. माझगावात खोली मिळाली तेव्हा त्यांनी घरी पत्र लिहिले की, खोली समुद्रालगत आहे. ते खोटे नव्हते. चाळीपासून समुद्र हाकेच्या अंतरावर होता. परंतु मध्ये बंदराची उंच दगडी भिंत होती, भिंतीपलीकडे गोदामे, गोदामांपलीकडे मालगाड्यांचे रूळ, आणि त्यांच्याही पलीकडे धक्के. आम्ही तिघे भावंडे त्या चाळीत जन्मलो आणि वाढलो. समुद्र आम्हांला फक्त ऐकू येई. ओहोटीच्या वेळी त्याचा वास येई. तो पाहायचा झाला तर भंडारवाड्याच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीवरच्या बागेत जावे लागे. त्या बागेला काका जोसेफ बॅप्टिस्टांचे नाव आहे. लोकमान्यांचे हे सहकारी १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. ते जवळच्याच माथारपाखाडीचे, म्हणून आईला त्यांचा फार अभिमान. रविवारी मिस्सा आटोपली की ती आम्हांला टेकडीवर नेई आणि कठड्याशी उभी राहून जहाजे मोजी.

आईचे माहेर त्याच चाळीतले. वडील तळमजल्यावर भाडेकरू म्हणून आले आणि दुसऱ्या मजल्यावरचे जावई झाले. चाळ तीन मजली, सागवानी खांबांची, मंगळुरी कौलांची; बिऱ्हाडे एकोणतीस. त्यांपैकी सात ख्रिस्ती, बाकीचे कोकणातले हिंदू आणि रत्नागिरीकडचे मुसलमान. बहुतेक सारे या ना त्या प्रकारे बंदरावर पोट भरणारे. खोली एकशे ऐंशी चौरस फुटांची, संडास सज्जाच्या टोकाला, पाणी पहाटे चार ते सहा. अशा चाळींच्या आठवणी लिहिताना लेखणी हळवी होते आणि दुर्गंधी विसरते. आम्ही ती विसरलेलो नाही. पावसाळ्यात आमच्या पलंगावर दोन ठिकाणी भांडी ठेवावी लागत, आणि शेवटची पंधरा वर्षे सज्जा लाकडी टेकूंवर उभा होता.

चाळीच्या अंगणात क्रूस होता. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि तिचा पहिला प्रादुर्भाव माझगावच्या शेजारच्या मांडवीत झाला. त्या भयाच्या दिवसांत मुंबईतल्या ख्रिस्ती वाड्यांतून अनेक क्रूस उभारले गेले. आमच्या क्रुसाच्या दगडी चौथऱ्यावर १८९७ हा आकडा कोरलेला आहे. लाकूड सागाचे. ते एका मोडीत निघालेल्या जहाजाच्या डोलकाठीचे आहे असे आमची पणजी सांगत असे. खरेखोटे देव जाणे. मे महिन्यात नऊ संध्याकाळी तेथे जपमाळ आणि लितानी होई. नंतर उकडलेले चणे वाटले जात. चणे शिजवण्याचे मोठे पातेले तळमजल्यावरच्या चाचांच्या घरचे असे. नवव्या दिवशी तेच ते ओढून अंगणात आणीत. लितानीतले शब्द त्यांना पाठ झाले होते, आणि आमच्यापैकी कोणी चुकले तर ते दारातून हसत.

आईची क्रुसावरची भक्ती एका दुपारशी जोडलेली होती. १४ एप्रिल १९४४, ईस्टरच्या आठवड्यातला शुक्रवार. आई तेव्हा सहा वर्षांची होती. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टाइकिन नावाचे जहाज लागले होते. त्यात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा असा माल भरला होता. कापसाने पेट घेतला, आणि दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक मेले. बंदरातले कामगार आणि आसपासचे रहिवासी किती गेले याचा नेमका हिशेब कधीच लागला नाही. आजीने आईला काखेत मारून अंगणात धाव घेतली आणि ती क्रुसाच्या चौथऱ्याशी बसली. वरून जळता कापूस पडत होता. चाळीच्या काचा फुटल्या, कौले उडाली, पण माणूस एकही गेला नाही. त्या दिवशी शहरात सोन्याच्या विटाही आकाशातून पडल्या. एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्याने ती प्रामाणिकपणे परत केली. आईला ही गोष्ट सांगायला आवडे. सांगून झाल्यावर ती म्हणे, “आमच्या अंगणात एकही पडली नाही. बरेच झाले. पडली असती तर आजोबांनी परत केली असती की नाही, कोण जाणे!”

पुढे अंगणात सोने पडले ते साठ-सत्तर वर्षांनी, आणि ते दुसऱ्यासाठी पडले.

१९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, आणि हळूहळू कंटेनर घेऊन येणारी जहाजे तिकडे वळली. धक्के शांत होऊ लागले. वडील १९९८ साली वारले. त्याच सुमारास समुद्राच्या या बाजूकडे पैशाची नजर वळू लागली होती. ज्या किनाऱ्यावर दीडशे वर्षे कोळसा, कापूस आणि भंगार उतरले, तो ‘हार्बर व्ह्यू’ झाला. भिंतीमुळे रस्त्यावरून दिसत नसलेला समुद्र विसाव्या मजल्यावरून दिसू शकतो, हे आम्हां रहिवाशांना कधी सुचले नाही. ते बिल्डरला सुचले.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी येथे थोडे सांगायला हवे. शहरातल्या १९६९ पूर्वीच्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसतो आणि त्यांच्या डागडुजीची जबाबदारी सरकारी मंडळावर असते. अशी इमारत पाडून नवी बांधायची असेल तर बिल्डरने जुन्या भाडेकरूंना तेथेच विनामूल्य घरे द्यायची. त्याबदल्यात त्याला जादा बांधकाम करून ते बाजारभावाने विकण्याची मुभा मिळते. जुन्या घरांची कमीत कमी मर्यादा तीनशे चौरस फूट. योजनेसाठी त्या काळी सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागे. पुढे ही अट एक्कावन्न टक्क्यांवर आली. कायद्यामागचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. गरिबाला आपल्याच वस्तीत पक्के घर मिळावे आणि त्याचा खर्च श्रीमंताने सोसावा, ही कल्पना एखाद्या धर्मगुरूला सुचावी इतकी चांगली आहे. प्रत्यक्षात सौदा कसा होतो, हा निराळा प्रश्न.

२०११ साली चाळीत संमतिपत्रे फिरू लागली. आम्ही तिघांनीही सही करण्याच्या बाजूने मत दिले. आई तयार नव्हती. खोली तिच्या नावावर होती. तिचे गुडघे दुखत होते, सज्जाच्या टोकापर्यंत रात्री जाणे तिला जड जात होते, जिन्याची दोन पायऱ्यांची लाकडे कुजली होती. हे सारे आम्ही तिला पुन्हापुन्हा सांगितले. ती एवढेच विचारी, “क्रूस कुठे जाणार?” बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला तेव्हा तिने चष्मा लावून तो नकाशा नीट पाहिला. त्यात पोहण्याचा तलाव होता, गाड्यांचे पाच मजले होते, झाडेसुद्धा काढलेली होती. क्रूस नव्हता. तेव्हा तिने अट घातली की, करारात क्रुसाचे कलम लिहा, मगच सही. दोन आठवडे गेले. मग कलम आले: अंगणातील क्रूस प्रकल्प पूर्ण झाल्यावर त्याच जागेच्या हद्दीत योग्य ठिकाणी पुन्हा बसवण्यात येईल. आईने सही केली. ‘योग्य ठिकाणी’ या दोन शब्दांकडे तिने बोट दाखवले होते. आम्ही म्हणालो, आई, आता पुरे कर. शिकलेली मुले आम्ही. तो कागद आम्ही वाचला होता, आणि ते दोन शब्दही वाचले होते.

२०१२ च्या पावसाळ्यापूर्वी चाळ रिकामी झाली. मधल्या काळातले भाडे बिल्डर देणार होता. आमच्यातला थोरला आईला घेऊन वसईला गेला, वडिलांच्या वाट्याच्या बागायतीत. क्रूस बिल्डरच्या गुदामात ठेवू द्यायला आई तयार होईना. म्हणून एका रविवारी चौथऱ्याचे दगड, आकडा असलेली शिळा आणि क्रूस आम्ही टेम्पोत घातला. चाचा आणि समोरच्या खोलीतल्या काकू निरोप द्यायला उभे होते. काकूंनी क्रुसाला हळदकुंकू वाहिले. आई काही बोलली नाही, नंतर टेम्पोत बसल्यावर म्हणाली, “राहू दे, पुसू नका.” वसईला विहिरीजवळच्या चिकूच्या झाडाखाली क्रूस उभा केला. पुढच्या मे महिन्यात आळीतली मंडळी आपणहून जमली, आणि तेथे लितानी सुरू झाली.

२७ सप्टेंबर २०१३ रोजी पहाटे डॉकयार्ड रोडवरची बाबू गेनू मंडईची महापालिकेची इमारत कोसळली. ६१ माणसे गेली. ती जागा आमच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर. त्या दिवशी आम्ही तिघांनी एकमेकांना फोन केले आणि प्रत्येकाने तेच वाक्य उच्चारले: आपण वेळेवर बाहेर पडलो. आजही आमच्या निर्णयाच्या बाजूने बोलायचे झाले तर आम्ही त्या पहाटेचा दाखला देतो. आईसुद्धा त्या रात्री जपमाळेच्या शेवटी म्हणाली, “तुमचे बरोबर होते.” तिने आमच्या बाजूने म्हटलेले हे एकच वाक्य.

कराराप्रमाणे तीन वर्षांत घर मिळायचे होते. तीन वर्षांत खड्डा झाला. मग भाड्याचे धनादेश थांबले. पहिल्या बिल्डरने प्रकल्प दुसऱ्याच्या गळ्यात घातला. दुसऱ्याने नवा नकाशा काढला आणि मनोऱ्याचे मजले वाढवले. चाळीतली बिऱ्हाडे नालासोपारा, मुंब्रा, पनवेल अशी पांगली. दर दोन महिन्यांनी बंद गेटासमोर सभा व्हायची आणि प्रत्येक सभेत एखादे माणूस कमी असायचे. चाचा २०१६ साली गेले. जमीन भरावाची, म्हणून पायाचे खांब खोल खडकापर्यंत न्यावे लागले, असे तिथल्या अभियंत्याने आम्हांला एकदा अभिमानाने सांगितले. शुभवर्तमानातल्या दोन घरांचा दाखला आठवला. त्या दाखल्याप्रमाणे पाहिले तर शहाणा मनुष्य बिल्डरच ठरत होता! घरी येऊन हे आईला सांगितले तेव्हा ती मनापासून हसली. म्हणाली, “खडकावर बांधले ते चांगले केले. पण कुणासाठी बांधले ते दाखल्यात विचारले नाही.”

वसईत तिला काही उणे नव्हते. झाडे होती, नातवंडे होती, क्रूस दारात होता. तरी ३१ डिसेंबरला ती अस्वस्थ होई. माझगावात वर्षाखेरच्या मिस्सेहून परतताना मध्यरात्री बंदरातली सारी जहाजे एकदम भोंगे वाजवीत. ते ऐकल्याशिवाय तिचे वर्ष बदलत नसे. वसईला बाराच्या ठोक्याला फटाके होत. ती म्हणे, “हा आवाज नव्हे.” फेब्रुवारी २०१९ मध्ये ती गेली. दोन दिवस आधी तिने थोरल्याला जवळ बोलावले आणि सांगितले की, घर मिळेल तेव्हा क्रूस परत न्या. तो तिकडच्यांचा आहे, आपण फक्त सांभाळला. तिला वडिलांच्या शेजारी वसईला पुरले.

किल्ल्या २०२१ साली मिळाल्या. आमची पुनर्वसनाची इमारत बावीस मजल्यांची, मनोरा चव्वेचाळीस. तो समुद्राच्या बाजूला, आम्ही त्याच्या पाठीमागे. त्याचे गेट हमरस्त्यावर, आमचे गल्लीत. आमचा सूर्य सकाळी साडेदहाला मनोऱ्यामागून बाहेर येतो. परंतु कृतघ्न होऊन चालणार नाही. तीनशे फुटांची दोन खोल्यांची जागा, घरात संडास, चोवीस तास पाणी, छत गळत नाही. एकोणतीस बिऱ्हाडांपैकी बावीस परत आली. आमच्यातली धाकटी, सरकारी इस्पितळात परिचारिका, निवृत्तीनंतर तेथेच राहते. मनोऱ्यात आगीच्या वेळी थांबण्यासाठी मोकळे मजले असतात, त्यांना ‘रेफ्यूज’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हांला लितानीतली पवित्र मरियेची ‘पाप्यांचा आश्रय’ ही पदवी आठवली. तीच लितानी तिला बुरूज म्हणते आणि सोन्याचे घरही म्हणते. तेव्हा मनोऱ्यावर आम्हीच फार रागावावे असे नाही.

क्रुसासाठी बिल्डरने जे योग्य ठिकाण काढले ते आमच्या इमारतीच्या मागे, पंपघर आणि विजेच्या मीटरांची खोली यांच्या मधल्या पट्ट्यात होते. रुंदी सात फूट. आम्ही तिघे तेथे उभे राहिलो आणि आमच्यात भांडण झाले. थोरला म्हणाला, क्रूस वसईलाच राहू द्या. तेथे झाड आहे, लोक आहेत, सात वर्षे आईने त्याच्यापुढे प्रार्थना केली. मधली म्हणाली, कोर्टात जाऊ. जागा नाकारून योग्य जागा मागू. धाकटीने आईचे शब्द पुन्हा सांगितले. सोसायटीच्या सभेत विषय निघाला तेव्हा काकूंचा मुलगा आणि चाचांची सून आमच्याआधी बोलायला उठली. चाचांची सून म्हणाली, “पातेले मी अजून ठेवले आहे.” सभेने ठराव केला, बिल्डरकडे शिष्टमंडळ गेले. मिळाले एवढेच की पंपघराची भिंत चार फूट मागे घेतली. आम्ही कोर्टात गेलो नाही. दहा वर्षांच्या वाटाघाटींनंतर माणसात जेवढे बळ उरते तेवढेच आमच्यात उरले होते.

२०२२ च्या एप्रिलमध्ये क्रूस परत आला. वसईच्या आळीतल्या बायका त्याला निरोप देताना रडल्या, आणि एकीने स्पष्टच विचारले, “चिकूखालून काढून तिथे पंपाशेजारी नेता?” तिला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. मेमध्ये लितानी सुरू झाली तेव्हा बरोबर सात वाजता पंप चालू झाला आणि कुणालाच काही ऐकू येईना. आता त्या नऊ संध्याकाळी वॉचमन पाऊण तास पंप बंद ठेवतो. हा बिहारचा मुलगा चणे घेतो आणि क्रुसाला हात जोडतो. वरच्या मजल्यांवर त्या वेळी पाणी कमी येते, पण तक्रार कुणी केलेली नाही.

मनोरा २०२३ मध्ये भरू लागला. तेथल्या माणसांशी आमचा संबंध येण्याचे कारण नव्हते. त्यांच्या गाड्या रस्त्यावरून थेट वर चढतात. पण २०२४ च्या पावसाळ्यात अडतिसाव्या मजल्यावरच्या एका वृद्ध बाईंना रोज इंजेक्शन देण्यासाठी परिचारिका हवी होती, आणि वॉचमनने धाकटीचे नाव सुचवले. बाई गुजराती, वय ऐंशीच्या पुढे, पती नाहीत, मुले परदेशी. नाताळात धाकटी त्यांच्यासाठी फराळाचे ताट घेऊन निघाली तेव्हा त्यांनी आम्हां तिघांनाही बोलावले. आम्ही गेलो. आईच्या जागेवर काय उभे राहिले ते आतून पाहावे, हे कुतूहल नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल.

खोलीची एक संपूर्ण भिंत काचेची होती. समोर सारे बंदर पसरले होते: गोदीत बांधल्या जाणाऱ्या युद्धनौका, भाऊच्या धक्क्यावरच्या बोटींची गर्दी, तेलाचे जहाज लागलेले बुचर बेट, घारापुरीचा डोंगर, आणि उत्तरेला शिवडीहून निघून खाडी ओलांडणारा, त्याच वर्षी जानेवारीत खुला झालेला लांबच लांब पूल. आईने टेकडीवर उभे राहून जन्मभर मोजली त्याहून अधिक जहाजे आम्ही एका दृष्टिक्षेपात मोजली. खाली पाहिले तर पंपघराचे निळे पत्रे दिसत होते. क्रूस दिसत नव्हता. तो आमच्या इमारतीच्या आड येतो. आम्ही काही वेळ कोणीच बोललो नाही. रागावण्याची तयारी करून वर गेलो होतो, परंतु खुर्चीत शाल पांघरून बसलेल्या त्या बाईंवर रागावणे आम्हांला जमले नाही. त्या म्हणाल्या, “दिवसभर जहाजं बघते. पण आवाज काहीच येत नाही. काच फार जाड आहे, आणि खिडकी उघडायला मुलं मनाई करतात.”

धाकटीने त्यांना आईच्या भोंग्यांची गोष्ट सांगितली. बाईंनी विचारले, “अजून वाजतात?”

वाजतात. पूर्वीइतके नाहीत. आमच्या इमारतीला साध्या सरकत्या काचा आहेत; त्यांतून धूळ येते, रस्त्यावरचे हॉर्न येतात, आणि वर्षातून एकदा जहाजांचे भोंगेही येतात. ३१ डिसेंबरला मिस्सेहून आल्यावर आम्ही तिघे धाकटीच्या खिडकीशी बसलो होतो. बाराला दोन मिनिटे असताना तिने अडतिसाव्या मजल्यावर फोन लावला आणि बाईंना सज्जाचे दार उघडायला सांगितले. कामवाल्या मुलीने ते उघडले असावे, कारण फोनमध्ये वारा भरल्याचा आवाज आला. मग पहिला भोंगा झाला, धक्क्याच्या बाजूने. त्याला दुरून दुसऱ्याने उत्तर दिले. आम्ही बोटांवर मोजले. सात झाले. फोनवर बाई म्हणाल्या की नऊ झाले, आणि आमच्यातल्या थोरल्याने त्यांच्याशी त्यावरून वाद घातला.